सुट्या बाकांचा उस्ता

इगम्बेर्दी उस्ताबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. एकतीस वर्षं आम्ही एकाच तुतीखाली चहा प्यायलो, पण त्याचं खरं वय मला कळलं ते त्याच्या जनाझ्याच्या दिवशी. लहानपणी तो कसा होता, त्याला कशाची भीती वाटायची, एवढी वर्षं तो एकाच मोहल्ल्यात का राहिला, यातलं मला काही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. माझी सारी नोकरी रेशमाच्या कोषांच्या खरेदी केंद्रावर, काट्यापाशी गेली. तिथं आकडा म्हणायचा आणि पुढच्याला हाक मारायची, एवढंच बोलणं. पुढं तीच सवय राहिली. त्याची भावजय शरोफत-ओपा म्हणाली, "तुम्ही रोज तिथं बसायचात, तर चार ओळी तुम्हीच लिहा." तिला नाही म्हणायला जमलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे कुठल्याही चांगल्या कारागिराला उस्ता म्हणतात, पण आक-तूत मोहल्ल्यात नुसतं उस्ता म्हटलं की इगम्बेर्दीच. बुटका, खांद्यांनी रुंद, दोप्पीच्या, म्हणजे चौकोनी टोपीच्या, घडीत पेन्सिल खोचलेली. समोरून कुणी आलं की छातीवर हात ठेवून सलाम करायचा, घरच्यांची विचारपूस करायचा, आणि हे सगळं करताना त्याची नजर त्या माणसाच्या गुडघ्यांवर असायची. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. आम्हाला सवय होती.

हे गुडघ्यांचं वेड कुठून आलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पूर्वी आमच्या चौकात, तुतीखाली, एक भला मोठा तापचान होता. लाकडी मंचच म्हणा, चार पायांवर उभा, वर गाद्या, मधे बुटकं मेज आणि भोवती मांडी घालून दहा-बारा माणसं. रस्त्यापासून सगळ्यांत लांबची, तुतीच्या बुंध्याकडची बाजू म्हणजे तोर. ती मानाची. तिथं सगळ्यांत वडील माणूस बसणार, मग वयाप्रमाणे एकेक खाली. रस्त्याकडच्या टोकाला, जिथं पायातलं काढून ठेवतात, तिथं पायगाक. त्या जागी सगळ्यांत धाकट्यानं बसायचं आणि सगळ्यांना चहा ओतायचा. तरुणपणी मी तिथं बसलो. पुढं माझ्याहून धाकटी माणसं येत गेली, पण उठून वर कधी सरकायचं ते मला कळलं नाही आणि मला वर या असं म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. साठी उलटली तरी चहा मीच ओतत होतो. तक्रार नाही. चांगला ओततो मी.

मग रस्ता रुंद झाला. अकरा घरांच्या पुढच्या खोल्या गेल्या, तापचान गेला. तुती तेवढी वाचली, कारण तिच्या मागून पाट वाहतो आणि रस्ता पाटाच्या अलीकडेच थांबला. आमच्याच मोहल्ल्यातून बाहेर जाऊन कापडाच्या धंद्यात मोठ्या झालेल्या एका भल्या माणसानं तापचानाच्या जागी लोखंडी बाक दिले. चार बाक, चकचकीत निळे, सिमेंटात घट्ट रोवलेले, एका रांगेत, तोंडं रस्त्याकडे. हेतू चांगला होता. पण रांगेत बसून कुणी गप्पा मारतं का? पहिल्या बाकावरच्या माणसाला चौथ्या बाकावरचं ऐकायचं तर मधल्या सगळ्यांनी मागं रेलायचं. आणि जुलैत ते लोखंड असं तापायचं की विचारू नका. नाक्यावरचा न्हावी तुराप म्हणायचा, "बसायला उत्तम आहेत. फक्त उठताना कातडी तिथंच राहते." शेवटी कुणीतरी त्यांवर जर्दाळू वाळत घातले. ते मात्र सुरेख वाळले.

पाडलेल्या घरांची लाकडं रस्त्याकडेला पडली होती. आमच्याकडे मुलगा जन्मला की बाप तेराकची रोपं लावतो. झाड सरळसोट, भराभर वाढणारं. मुलाचं लग्न होईतो त्याचे वासे होतात आणि त्याच्या खोलीवर चढतात. तर असे अकरा घरांचे वासे, तुळया, दारांच्या चौकटी, चुलीच्या धुरानं एका बाजूनं काळ्या झालेल्या. लोक ते जाळायला नेणार होते. उस्तानं एकेका घरी जाऊन मागून घेतले. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गुडघ्यांसाठी."

मग त्यानं मोहल्ल्याचे गुडघे मोजायला सुरुवात केली. खरंच मोजले. आपल्या फाटकाच्या खांबाला म्हाताऱ्यांना उभं करायचा, टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत दोरी लावायचा आणि खांबावर खडूनं रेघ ओढून नाव लिहायचा. त्यात माझीही रेघ होती, तुरापच्या रेघेच्या बोटभर वर. याचं तुरापला फार वाईट वाटलं. बायका आधी लाजल्या. मग शरोफत-ओपा स्वतः दोरी घेऊन घराघरांत गेली आणि त्यांचीही मापं आली. बाळाला अंगावर पाजणाऱ्या एका सुनेनं सांगितलं की तिला बुटकं आणि पाठ टेकायला मिळेल असं हवं. उस्तानं तेही लिहून घेतलं.

या मापांतून त्यानं लोखंडी बाकांच्या जागी तीन उंचींचे बाक केले. उंच बाक दुखऱ्या गुडघ्यांसाठी, त्याला उठताना रेटा द्यायला दोन्हीकडे हात. मधला सगळ्यांसाठी. बुटका पोरांसाठी आणि बाळंतिणींसाठी. चौथा नग म्हणजे नुसती फळी, मेज म्हणून. पाय तुतीचे, कारण तेराक जमिनीची ओल सोसत नाही. वरून सरकीचं तेल चोपडलेलं. रुंदी सगळ्यांची एकच, आणि प्रत्येकाच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारी जीभ. कुठलाही बाक कुठल्याही बाकाला जोडा, पाचर ठोका, झालं. पाचर काढली की पुन्हा सुटे. खिळा एकही नाही. बाकाचा एखादा पाय गेला तर तेवढाच बदलायचा, आणि तोही पुन्हा कुठल्यातरी पाडलेल्या घरातून यायचा.

त्याचा एक नियम होता की प्रत्येक नग दोन बायकांना उचलता आला पाहिजे. शरोफत-ओपा आणि तिची शेजारीण यांच्याकडून तो एकेक उचलून घ्यायचा. त्या 'जड आहे' म्हणाल्या की रंधा. मी विचारलं, बायकाच का. तो म्हणाला, "लग्नघरी सामान कोण हलवतं, वोहिद-अका? आपण तर सल्ले देतो."

आणि लग्नघरी ते बाक जाऊ लागलेच. कुणाकडे लग्न, कुणाकडे सुंता, कुणाकडे दुखवट्याचं जेवण, की बाक सुटे करून घेऊन जायचे, मग परत आणायचे. एका वसंतात तीन लग्नं लागोपाठ आली. आम्ही म्हातारे हातात चहाच्या किटल्या घेऊन तीन दिवस तुतीखाली उभे होतो. तुराप म्हणाला, "लोखंडी असते तर निदान जागेवर तरी असते." पण परत आलेले बाक कधी दोन जास्तच असायचे, कारण ज्यांच्याकडे कार्य झालं ते आपल्याकडचं एखादं जुनं लाकूड उस्ताला देऊन नवा नग करून घ्यायचे. दुपारी बायका तीन-चार बाक काढून तुतीच्या पलीकडे आपलं वर्तुळ करायच्या. तापचानावर त्यांना कधी जागा नव्हती. लोक बसता बसता आपली लाकडं ओळखायचे. अमुक बाक म्हणजे आमच्या आजोबांच्या खोलीचं आढं, त्या धुराच्या डागावरून कळतं, असं म्हणून त्यावर हात फिरवायचे.

हे सगळं गुडघ्यांसाठी चाललं आहे असंच मी धरून चाललो होतो. एक दिवस शरोफत-ओपा उस्ताच्या अंगणात आली आणि पदराखालून एक दोरी काढून त्याच्या हातात दिली. दोरीला दोन गाठी होत्या. ती म्हणाली, "झोपले होते तेव्हा मोजली. चाकं धरून." उस्तानं दोरी खिशात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथं नसतो तर बरं झालं असतं.

शरोफत-ओपा म्हणजे उस्ताचे थोरले भाऊ कंबराली-अका, त्यांची बायको. कंबराली-अका हे आमच्या मोहल्ल्याचे ओशपाझ, पुलाव रांधणारे. ज्या लग्नात त्यांचा पुलाव नाही ते लग्न लोक अर्धंच धरायचे. पहाटे कढईपाशी ते झारा घेऊन उभे राहिले की वराचा बापसुद्धा विचारल्याशिवाय जवळ यायचा नाही. मग अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं, चाकांची खुर्ची आली, आणि ते घरात गेले ते गेलेच. दोन वर्षं फाटकाबाहेर नाही. डॉक्टर म्हणायचे, माणसांत न्या. कंबराली-अका म्हणायचे, माणसांना आत आणा. आत जाणारी माणसं कमी होत गेली. शरोफत-ओपानं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं की आता ते दिवसातून दहा शब्दसुद्धा बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, जेवणावरही वासना नाही. उस्ता रोज संध्याकाळी भावाकडे जाऊन यायचा. तिथून आला की काही न बोलता करवत हातात घ्यायचा. दोरी पाहिली तेव्हा मला कळलं की मोहल्ल्याचे सगळे गुडघे मोजून झाले तरी हे माप त्यानं शेवटी ठेवलं होतं.

त्या मापाची फट त्यानं बाकांच्या मांडणीत सोडली. बाक घोड्याच्या नालेच्या आकारात, तोंड रस्त्याकडे, आणि एका ठिकाणी बाकच नाही. दोन बाकांच्या मधे बरोबर खुर्ची शिरेल एवढी मोकळी जागा, दोन्ही बाजूंना टेकायला हात, समोर मेजाची फळी थोडी उंच केलेली, म्हणजे गुडघे खाली जातील. फट रस्त्याकडच्या टोकाला होती, कारण तिथली जमीन सपाट होती, आणि फाटकापासून तिथवर खुर्ची एका दमात येणार होती. उस्तानं मापाची दोरी तीन वेळा लावून पाहिली. मला म्हणाला, "केसभरही इकडे तिकडे नाही."

मला ती फट कुठं आहे ते दिसत होतं. तिथंच तर मी बसायचो. चहाची किटली ठेवायची वीटसुद्धा तिथंच होती. सांगावं असं मनात आलं, मग म्हटलं, आपल्याला काय कळतं, उस्ताला सुचलं नसेल असं कसं होईल. मी गप्प बसलो. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी शरोफत-ओपानं कंबराली-अकांना नवी दोप्पी घालून, दाढी करून बाहेर आणलं. त्यांना कसं तयार केलं कुणास ठाऊक. चौकातले सगळे उठून उभे राहिले. खुर्ची सरळ फटीत गेली, कुठं घासलीसुद्धा नाही. उस्ताचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो गुडघ्यांकडे बघत नव्हता.

कंबराली-अकांनी सगळ्यांचे सलाम घेतले. कुणाचा नातू कितवीत आहे ते विचारलं. मग त्यांनी समोर, वर, तुतीच्या बुंध्याकडे पाहिलं. तिथं त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेले दोघं बसले होते. मग उजव्या हाताला पाहिलं, तिथं माझी वीट आणि माझी किटली. मग खाली, लोकांनी तापचानाच्या सवयीनं अजूनही काढून ठेवलेल्या पायताणांकडे. ते हसले आणि म्हणाले, "इगम्बेर्दी, चहा मी ओतायचा का?"

लोकांना ते गमतीचं वाटलं, सगळे हसले. दोन मिनिटांनी त्यांनी शरोफत-ओपाला सांगितलं की औषधाची वेळ झाली. खुर्ची वळली आणि गेली. औषधाची वेळ दुपारची होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी उस्ताच्या अंगणात गेलो. बोलायचं काय ते वाटेत तीनदा ठरवलं होतं, तिथं गेल्यावर विसरलो. तो एकाच फळीवर पुन्हा पुन्हा रंधा मारत होता.

"फट चुकली," तो म्हणाला. "दोन बोटं जास्त हवी होती. त्यांचा कोपर अडकला असणार."

"कोपर नाही अडकला," मी म्हणालो.

"मग?"

"तिथं मी बसतो, उस्ता."

"ते माहीत आहे. तुम्ही शेजारी बसाल."

"तसं नाही. तिथं मी बसतो. म्हणजे ती माझी जागा आहे. त्यांची नव्हे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो खाली लाकडाच्या भुशात बसला. सुतारानं जमिनीचा विचार केला होता. तोर आणि पायगाक हे तर तो जन्मल्यापासून पाळत होता, इतकं पाळत होता की ते त्याला दिसतच नव्हतं. मग म्हणाला, "काल सांगितलं असतंत तर?"  ते त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

पहिला उपाय सोपा वाटला. बाक तर सुटे आहेत, मग तोरच इकडे आणू. त्यानं सगळ्यांना सांगितलं की उद्यापासून रस्त्याकडचं टोक हे वरचं आणि तुतीकडचं खालचं. पाचरी काढून सगळी मांडणी उलटी करून टाकली. त्या तीन दिवसांत मोहल्ल्याला वर आणि खाली राहिलंच नाही. जो येई तो सवयीनं तुतीकडे बघे, मग आठवण होऊन थबके, मग दुसऱ्याला म्हणे, तुम्ही वर बसा. दुसरा म्हणे, छे छे, तुम्ही. कुणीच बसेना. वडील माणसं रस्त्याच्या कडेला बसली तर ट्रकची धूळ आधी त्यांच्या पियाल्यात. चहा कुठून सुरू करायचा ते मलाही कळेना. एकदा मी सगळ्यांत धाकट्याला पहिला पियाला दिला आणि तो इतका घाबरला की त्यानं तो सांडला. चौथ्या दिवशी तुरापनं न सांगता सगळे बाक पूर्ववत केले. उस्तानं अडवलं नाही.

दुसरा उपाय त्याला कसा सुचला ते मला माहीत नाही. एका सकाळी तो पाटाच्या काठावर उभा राहून पलीकडे बघत होता. तुतीच्या मागं पाट, पाटापलीकडे अरुंद पायवाट, आणि पायवाटेला लागून कंबराली-अकांच्या परसाची भिंत. त्या भिंतीत एक जुनं दार होतं. पूर्वी मोठी कढई तिथूनच बाहेर काढायचे, कारण पुढच्या फाटकातून ती मावत नसे. पाट आहे म्हणून पुढं त्या दाराचा वापर थांबला. दारातून निघालं, पाट ओलांडला, की माणूस थेट तुतीच्या बुंध्याशी, थेट तोरमध्ये, कुणाच्याही पुढून न जाता.

पाटावर फळी हवी होती. बाकाच्याच रुंदीची, तशाच खाचा असलेली, म्हणजे ती तोरच्या बाकांना जोडली जाईल आणि हलणार नाही. दोन्ही कडांना बोटभर काठ, म्हणजे चाक घसरणार नाही. पण तेराक एवढं वजन सोसणार नाही, आणि तुतीचा एवढा लांब तुकडा कुठं मिळतो?

तीन दिवसांनी गेलो तर उस्ता जमिनीवर बसून काम करत होता. त्याचं कामाचं मेज, ज्यावर तो रोज रंधा मारायचा, ते नव्हतं. कायरागाच या चिवट लाकडाची दीड हात रुंद, चार बोटं जाड फळी. त्याच्या वडिलांनी केलेली, दोघे भाऊ लहानपणी जिच्यावर करवत धरायला शिकले ती. आता ती पाटाच्या मापाची झाली होती आणि तिच्या कडेला खाच पडत होती. मी मेजाबद्दल काही विचारायच्या आत तो म्हणाला, "खाली बसून बरं वाटतं. गुडघ्यांना व्यायाम होतो." मी मान हलवली. आणखी काय करणार?

फळी बसवली तेव्हा ती पारखायला माणूस हवा होता. दुपारी कंबराली-अका झोपलेले असताना शरोफत-ओपानं खुर्ची परसदारातून बाहेर सरकवली. उस्तानं माझ्याकडे पाहिलं, कारण माझं वजन भावाएवढं आहे. मी बसलो. तुराप ढकलायला. पाटाला त्या दिवशी भरपूर पाणी होतं आणि तुराप ढकलताना मला विचारत होता की पोहता येतं का. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तुतीच्या बुंध्याशी होतो, तोरच्या मधोमध. आयुष्यात पहिल्यांदा मानाच्या जागी बसलो, तोही दुसऱ्याच्या खुर्चीत. तुरापनं छातीवर हात ठेवून माझ्यापुढं वाकून सलाम केला. मी म्हटलं, आता मला उतरवा.

पण फळी झाली म्हणून माणूस येतो असं नाही. उस्तानं भावाला काही सांगितलं नाही. शरोफत-ओपानं एकदा विषय काढला तर कंबराली-अकांनी भिंतीकडे तोंड केलं. बाकी मोहल्ला तर ती फळी भराभर वापरायला लागला. बाबागाड्या ढकलणाऱ्या सुना, भाजीच्या पिशव्या, नानवाल्याची सायकल, सगळे तिच्यावरून. तोरमध्ये बसलेल्यांच्या पाठीमागून लोक जायला लागले म्हणून म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली. एवढं होऊनही जिच्यासाठी ती होती ती खुर्ची आली नव्हती. दोन आठवडे गेले. उस्ता बोलेनासा झाला. गुडघ्यांकडेही बघेनासा झाला.

मे महिन्यात आमच्याकडे पाट उपसायचा हशर असतो. सगळा मोहल्ला फावडी घेऊन येतो, फुकट श्रम करतो, आणि दुपारी सगळ्यांसाठी एकच मोठा पुलाव. कंबराली-अका कढईपाशी होते तोवर रांधणारा कोण हा प्रश्न नव्हता. या वेळी उस्तानं तो तुरापवर सोपवला. तुराप केस उत्तम कापतो. कढई त्यानं लावली तुतीखाली, भिंतीपासून दहा पावलांवर, वारा बरोबर परसाकडे जाणारा.

तेल नीट तापलं नसतानाच तुरापनं कांदा टाकला. मग आच वाढवली आणि कांदा जळला. मग त्यानं मांस टाकलं, गाजरं टाकली आणि जोरजोरात ढवळायला लागला. करपल्याचा वास सगळ्या गल्लीत गेला. आम्ही पाटात गुडघाभर चिखलात उभे राहून एकमेकांकडे बघत होतो, आज उपाशीच घरी जायचं म्हणून.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. दोन वर्षांत तो कढईपाशीचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"कोण ढवळतोय ते?"

तुराप झारा हातात धरून थिजला. "मी, अका. तुराप."

"गाजर ढवळायचं नसतं रे. परतायचं असतं. थांब. हात लावू नकोस."

परसदाराची कडी वाजली. दार जुनं, अर्धवट उघडून अडकलं, मग शरोफत-ओपानं रेटलं. खुर्ची पायवाटेवर आली, फळीवर चढली, काठाला चाक एकदा लागलं आणि सरळ झालं. कंबराली-अकांचं फळीकडे लक्षच नव्हतं. ते कढईकडे बघत होते. तोरमध्ये येऊन खुर्ची थांबली, तिथून कढई अगदी हाताशी. त्यांनी उजवा हात पुढं केला. तुरापनं झारा दिला.

"कांदा तर जाळलासच," ते म्हणाले. "आता तांदूळ तरी मारू नकोस. आच कमी कर. आणखी. पाणी आण, उकळतं. इगम्बेर्दी, बघत काय उभा राहिलास? लसणाचे गड्डे सोलायचे नसतात, नुसते धुवून आण."

उस्ता चिखलातून बाहेर आला आणि लसूण धुवायला गेला. पाण्याच्या बादलीपाशी वाकून तो बराच वेळ लसूण धूत होता.

तुरापनं मुद्दाम पुलाव बिघडवला का, हे मी त्याला कितीदा तरी विचारलं. तो शपथेवर सांगतो की त्यानं जीव ओतून रांधलं होतं. उस्तानं त्यालाच का निवडलं, हे उस्ताला विचारायचं मला धैर्य झालं नाही. माहीत नसलेल्या गोष्टींत आणखी एक.

त्या दिवशी पुलाव साधारण झाला, पण कुणी ताटलीत शीत ठेवलं नाही. कंबराली-अका संध्याकाळपर्यंत बसले. निघताना खुर्ची फळीवर आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं, वाकून तिच्यावर हात फिरवला. कडेला एक जुनी खोल खूण होती, लहान मुलाच्या हातून करवत घसरली की पडते तशी.

"हे कुठलं लाकूड?" त्यांनी विचारलं.

"जुनं होतं," उस्ता म्हणाला. "पडून होतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कंबराली-अका पुन्हा आले. मग रोज नऊला. तोरमध्ये त्यांची जागा मोकळीच ठेवायची म्हणून उस्तानं तिथला बाक कायमचा काढला आणि तो रस्त्याकडच्या टोकाला, पहिल्या फटीत बसवला. आता मी त्यावर बसतो. वीट आणि किटली शेजारी आहेत.

दीड वर्ष असं चाललं. कंबराली-अकांनी तुरापला पुलाव शिकवला, निम्मा तरी. न्हाव्याच्या हातचा पुलाव खाल्ला म्हणून आता कुणी मरत नाही. उस्ता मेजाशिवायच काम करत राहिला, आणि बाक वाढत गेले. शेजारच्या मोहल्ल्यातून लोक मापं घ्यायला यायचे, तेव्हा तो त्यांना आधी स्वतःच्या लोकांचे गुडघे मोजून आणायला सांगायचा.

तो गेला ऑक्टोबरमध्ये, सकाळी, दाराशी बूट घालताना. आजारी नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे उठल्यावर आम्ही दोघंच चौकात उरलो होतो, मी पियाले विसळत होतो. दुसऱ्या दिवशी पाटाचं पाणी बंद राहणार होतं. तेवढ्यात त्याला पाटावरची फळी काढून, उन्हात धरून, तेल द्यायचं होतं, हिवाळ्याआधी.

"आठला या," तो म्हणाला. "नऊला दादा येतात. तोवर परत बसवायला हवी."

"आठला येतो."

"जुने हातमोजे आणा. तेल लागतं हाताला."

"माझ्याकडे नाहीत."

"मग नुसते या."